टीव्ही कुठला घ्यावा, यावरून घराणं फुटायची वेळ

सकाळपासून फॅमिली ग्रुपने डोकं उठवलंय. आतेभावाने साधा प्रश्न टाकला, "५५ इंची घ्यायचाय, ओएलईडी घेऊ की क्यूएलईडी?" झालं! दुपारपर्यंत एक भाऊजी "ओएलईडीवाले नुसती शायनिंग मारतात"वर आले, दुसऱ्यांनी "ऐपत नसेल त्यांनी बोलू नये" असं सुनावलं. आणि ज्या आत्याच्या घरात हा टीव्ही लागणार आहे तिने विचारलं, "माझ्या मालिका नीट दिसतील ना?" तिला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही.

हे भांडण मी लहानपणापासून बघतोय. काकांनी प्लाझ्मा घेतला, बाबांनी एलसीडी. दर दिवाळीला काका हॉलमधली ट्यूब बंद करून टीव्ही लावायचे आणि म्हणायचे, "बघ, याला म्हणतात काळा. तुझा राखाडी." बाबा काही न बोलता उठून ट्यूब लावायचे. प्लाझ्माच्या काचेत अख्खा हॉल दिसायचा. "आता बघ स्वतःचं टक्कल!"

दोघंही खरंच बोलत होते. प्लाझ्मात प्रत्येक ठिपका स्वतः उजळायचा, म्हणून काळं ते काळं. एलसीडीत मागे दिवा आणि पुढे झडपा, त्यातून थोडा उजेड झिरपणारच. आजही तेच चाललंय. ओएलईडीचा ठिपका स्वतः पेटतो, स्वतः विझतो. क्यूएलईडी म्हणजे एलसीडीच, फक्त रंग सुधारायला क्वांटम डॉट नावाच्या अतिसूक्ष्म कणांचा थर घातलेला. पडदे ओढून रात्री सिनेमे बघणार असाल तर पहिला, बाल्कनीचं ऊन थेट हॉलमध्ये येत असेल तर दुसरा. दोन ओळींचा विषय आहे हो! (हो, अंधारात ओएलईडीच सरस दिसतो. मान्य. आता पुढे जाऊ?)

मग एवढं तावातावाने का भांडायचं? कारण लाखभर रुपये घालून बसलोय, हप्ते चालू आहेत, आणि कुणी म्हणालं की दुसरा बरा होता, तर ते टीव्हीला नाही, आपल्याला लागतं. काकांच्या प्लाझ्मावर न्यूज चॅनलचा लोगो कोपऱ्यात कायमचा उमटला होता. सिनेमा लावला तरी हिरोच्या खांद्यावर तो लोगो! घरातल्या पोराटोरांना दिसायचा. काका म्हणायचे, "कुठंय? मला नाही दिसत." बाबा तरी कुठे कमी होते? २०११ च्या वर्ल्डकपची फायनल बघायला काकांकडे गेले. कारण काय, तर "आपल्याकडे माणसं मावत नाहीत." आमचा हॉल काकांच्या हॉलपेक्षा मोठा होता! आमच्या एलसीडीवर जोरात गेलेल्या चेंडूला शेपूट फुटायची, हे त्यांनी शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

आणि ज्यांच्यासाठी तुम्ही गळे काढताय त्या कंपन्या तरी एका बाजूला आहेत का? सॅमसंगने वर्षानुवर्षं ओएलईडीच्या बर्न-इनवर (म्हणजे काकांच्या लोगोसारखं चित्र पडद्यावर कायमचं उमटण्यावर) बोट ठेवलं आणि २०२२ मध्ये स्वतःच ओएलईडी टीव्ही आणला. एलजी ओएलईडीचा झेंडा घेऊन फिरते आणि क्यूएनईडी नावाने एलसीडीही विकते. त्यांना दोन्ही चालतं. आमचे भाऊजी मात्र ग्रुप सोडून जायला निघालेत.

प्लाझ्माचं पुढे काय झालं? पॅनासॉनिकने २०१३ मध्ये तो बनवणं थांबवायचं ठरवलं, वर्षभरात बाकीच्यांनीही गाशा गुंडाळला. चित्र वाईट होतं म्हणून नाही. एलसीडी स्वस्त पडायला लागला, हलका होता, आणि दुकानाच्या झगझगाटात जास्त उजळ दिसायचा. काका-बाबांचा वाद बाजाराने परस्पर निकालात काढला, त्या दोघांना न विचारता.

खरं सांगू? मधली काही वर्षं गावच्या जमिनीवरून दोघांचं बोलणं बंद होतं. वाटणी, वकील, सगळं झालं. तेव्हाही काका फोन करून एवढंच विचारायचे, "राखाडी बरा चाललाय ना?" आणि बाबा म्हणायचे, "लाइट बिल किती आलं?" मग फोन ठेवायचे. म्हणून ग्रुपवर "बास करा" असं लिहिलेलं मी दोनदा खोडलं.

पण आतेभावा, तू दुकानात एकटा जाऊ नकोस, आत्याला घेऊन जा. तिथे जो समुद्र, पोपट आणि कापलेल्या संत्र्यांचा व्हिडिओ चालू असतो तो बंद करायला सांग. तो प्रत्येक टीव्हीवर सुंदरच दिसतो. सेट-टॉप बॉक्सवर तिची मालिका लावायला सांग, पिक्चर मोड 'व्हिव्हिड'वरून 'सिनेमा'वर आणायला सांग, आणि तिला खुर्ची दे. विक्रेता तोंड वाकडं करेल, करू दे.

आणि खाली "पण ओएलईडी..." म्हणून सुरू होणाऱ्यांनी आधी आपल्या घरच्या टीव्हीचा शार्पनेस कमी करून यावं. तुमच्याकडच्या निवेदिकेच्या डोक्याभोवती पांढरी कड दिसते, मागच्या रविवारी बघितलीय मी. चहा चांगला होता म्हणून बोललो नाही.