रिकाम्या कुंडीवर छत्री

पायातली वहाण पायातच बरी म्हणतात. मी ती हौसेनं कुंडीत लावली आणि आता ती माझ्या डोक्यावर बसली आहे.

सिप्रिपीडियम तिचं नाव. खालची पाकळी सपातेच्या चवड्यासारखी फुगलेली, म्हणून ‘स्लिपर ऑर्किड’. बर्फाखाली घोरत पडणारी जात. हिवाळ्यात तीनेक महिने कडाक्याची थंडी मिळाली नाही तर उलट रुसते. वाचलं आणि हुरळलो, आमच्या या परमुलखात थंडीला काय तोटा! मेख पुढच्या ओळीत होती: थंडी सोसते, पण झोपेत पाणी साचलं की कुजते. आणि आमचा हिवाळा म्हणजे नुसती रिपरिप.

बरं, आणायची कुठून? रानातून उपटून विकणारे भेटतात, पण ते पाप नको. ब्रिटनमध्ये हौशी लोकांनी ही फुलं इतकी ओरबाडली, की नामशेष झाली असं वाटत असताना १९३० साली यॉर्कशायरमध्ये एकच झाड सापडलं. राहिली प्रयोगशाळेत वाढवलेली. बी धुळीसारखं, पोटात शिदोरी नाही. रानात ते बुरशीच्या जिवावर रुजतं, इथे बाटलीत भरवावं लागतं. फुलायला वर्षं लागतात, त्या सगळ्या वर्षांचं भाडं आपण भरायचं. नवशिक्यांना झेपतो म्हणून ‘गिसेला’ हा संकर मागवला.

पार्सल उघडलं. आत मुळांचा गड्डा, जणू ओल्या शेवाळात पाय फाकवून पडलेला मेलेला कोळी!

“अहो, हे पैसे देऊन आणलंत?” बायकोनं विचारलं.

परलाइटचे हलके पांढरे खडे, जाड वाळू, मुळं आडवी पसरलेली, कोंब जेमतेम झाकलेला. सगळं शास्त्रशुद्ध. मग चार महिने रिकाम्या कुंडीची राखण. वर काच टेकवली होती, ती एका रात्री वाऱ्यानं उडाली. पहाटे तीनला मी पायजम्यात, मातीवर छत्री धरून उभा. स्वतः भिजत होतो, ते वेगळं.

“काय लावलंय?” शेजारच्यांनी खिडकीतून विचारलं.

“वहाण.”

खिडकी बंद झाली.

वसंतात तीन कोंब आले. एक गोगलगायीनं रात्रीत फस्त केला. उरलेल्या दोघांवर एकेक फूल आलं, गडद लाल सपाता. एक मधमाशी तोंडातून आत घसरली. आत मध नाहीच, नुसता देखावा! धडपडत मागच्या फटीतून बाहेर आली, पाठीला पराग चिकटलेले. आणि बया सरळ दुसऱ्या सपातेत शिरली.

मी तिला हसणार, तेवढ्यात दाराची बेल वाजली. माझं दुसरं पार्सल आलं होतं.