कापूस, पोटॅश आणि जहाजावरचं हेलिकॉप्टर

एप्रिल 2025 मध्ये भारताने नौदलासाठी 26 राफेल मरीन या लढाऊ विमानांचा सुमारे 63 हजार कोटींचा करार केला. तेव्हापासून यवतमाळकडच्या आमच्या गावात पारावर एकच वाद: एवढा पैसा नौदलावर, मग शेतकऱ्याला का नाही? चुलतभाऊ फोनवर म्हणतो, "दादा, समुद्राचं राहू दे, कापसाले भाव कवा भेटन थे सांग." त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ झालं. त्याचा संताप रास्त आहे. पण नौदलाचा खर्च कापला तर कापसाला भाव मिळेल, हे मला पटत नाही.

मी राहतो त्या न्यूझीलंडकडे फ्रिगेट, म्हणजे मध्यम आकाराच्या युद्धनौका, दोनच. राखायचा समुद्र मात्र सुमारे 40 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या भूभागाच्या जवळपास सव्वापट. विमानवाहू नौका नाही, लढाऊ जेट 2001 मध्येच मोडीत काढली. फ्रिगेटच्या मागच्या डेकवर एक हेलिकॉप्टर असतं, पाती दुमडून हँगरमध्ये ठेवलेलं. जहाजावर 15 मीटर उंच उभं राहिलं तरी क्षितिज जेमतेम 14 किलोमीटरवर. हेच हेलिकॉप्टर 300 मीटर चढलं की 60 किलोमीटरपर्यंतचं दिसतं. पऱ्हाटीत (कपाशीत) शिरलेले रोही (नीलगाई) बांधावरून दिसत नाहीत, मचाणावरून दिसतात, तसंच. शिवाय ते नुसतं पाहत नाही. संशयित बोटीवर माणसं उतरवतं, पाणबुडीवर पाणतीर (टॉर्पेडो) सोडतं.

ऑगस्ट 2025 मध्ये इथल्या सरकारने जुन्या सीस्प्राइट हेलिकॉप्टरांऐवजी पाच नवी सीहॉक हेलिकॉप्टरं घ्यायचं ठरवलं, खर्च दोन अब्ज न्यूझीलंड डॉलरच्या वर. दवाखान्यांना पैसा कमी पडतो, हे इथेही ऐकतो. तरी मला हा खर्च योग्य वाटतो, कारण दोनच जहाजांची नजर आणि पोहोच त्याने कितीतरी वाढते.

भारतालाही अशी हेलिकॉप्टरं लागतातच. जानेवारी 2024 मध्ये सोमालियाजवळ 'लीला नॉरफोक' या मालवाहू जहाजावर चाचे चढले, तेव्हा भारतीय नौदलाची युद्धनौका आयएनएस चेन्नई धावून गेली. टेहळणीत तिचं हेलिकॉप्टरही होतं. 21 खलाशी सुटले, त्यातले 15 भारतीय. आपल्या कपाशीला लागणारं पोटॅश जवळपास सगळंच अशाच जहाजांतून येतं. मार्ग बिघडला की भाडं आणि विमा वाढतो, आणि त्याचा भार खताच्या गोणीवर नाहीतर सरकारी अनुदानावर पडतो.

म्हणून राफेलपेक्षा माझी तक्रार वेगळी आहे. भारताने 24 सीहॉकचा करार 2020 मध्ये केला. त्यांचं पहिलं स्क्वाड्रन (पथक) कोचीला उभं राहिलं मार्च 2024 मध्ये. त्याआधी कित्येक वर्षं आपल्या युद्धनौकांनी जुन्या सी किंग आणि चेतक हेलिकॉप्टरांवर भागवलं. याचा जाब पारावर कुणी मागितल्याचं मी ऐकलं नाही. पारावरच्या मंडळींनी तो मागावा. शुल्कमाफीचा जाबही खासदारांना विचारावाच. तसं निवेदन काढलं, तर त्यावर माझी सही धरा.