पोर दर्यापार, कागद वाऱ्यावर

यंदाच्या मे महिन्यात पोराला मस्कतला काकाकडे धाडायचं ठरवलं असेल, तर एक पथ्य पाळा. पोराच्या प्रवासाला आईबापांनी सही करून द्यायच्या संमतीपत्राचा विषय ओटीवर काढू नका. काढलात की आजोबा अडकित्ता खाली ठेवतील आणि विचारतील, ‘सही कित्याक होयी? आमी काय पोराक पळवन नेतंव?’ यावर तुम्हाला उत्तर देता येणार नाही. कारण खरं उत्तर असं आहे की हो, परक्या देशातल्या काउंटरवर बसलेल्या माणसाला नेमका तोच संशय येतो, आणि तो संशय घेण्याचाच त्याला पगार मिळतो. हे आजोबांना सांगणार कोण?

शिवाय आपल्याकडे संमती घेत नाहीत असं म्हणणं हा कोकणाचा अपमान आहे. आपण इतकी संमती घेतो की तिकिटाचे दर तेवढ्यात दुप्पट होतात. भावकीला विचारतो. मुंबईच्या थोरल्या काकांना फोन लावतो. पलीकडच्या घरातल्या आजींना विचारतो, कारण त्यांचा जावई एकदा बहारिनला होता. देवळात कौल लावतो आणि उजवा मिळेपर्यंत गुरवाला सोडत नाही. एवढे सगळे हो म्हणाल्यावर आईला वेगळं विचारायचं म्हणजे तिला उगाच त्रास. ती बिचारी फणस फोडत असते, हात चिकाने माखलेले, पेन धरणार कुठे?

कायद्याची भीती घालणारा एखादा भेटेल. त्याला १९५६ सालचा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा दाखवा. त्यात मुलाचा नैसर्गिक पालक बाप आणि त्याच्यानंतर आई, असं छापलेलं आहे; पाच वर्षांखालचं लेकरू तेवढं साधारणपणे आईच्या ताब्यात. आपल्या ओटीवर बसूनच लिहिल्यासारखा मजकूर. पुढचं मात्र वाचू देऊ नका. १९८४ साली लेखिका गीता हरिहरन मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला गेल्या, तेव्हा पालक म्हणून आईची सही बँकेला चालेना. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९९९ साली न्यायालयाने सांगितलं की आईचा नंबर लागायला बाप मरायची वाट बघायला नको. तो हजर नसेल किंवा मुलाकडे बघतच नसेल, तरी आई पालकच. बोटीवर नऊ-नऊ महिने असणारा बाप यात चपखल बसतो. म्हणूनच हा निकाल वाडीत फिरता कामा नये.

आता पासपोर्ट. इथे सरकारने आपल्या परंपरेवर घाला घातलाय. मुलाच्या अर्जाला जोडायचं अ‍ॅनेक्शर डी, म्हणजे दोन्ही पालकांची संमती, डिसेंबर २०१६पासून साध्या कोऱ्या कागदावर चालतं. नोटरी नको, दंडाधिकारी नको. आईने सही करायची, बापाने सही करायची, झालं. इतक्या स्वस्तात कागद खरा कसा वाटेल? तेव्हा तुम्ही सरळ तालुक्याला जा. कोर्टाबाहेरच्या टपरीत टायपिंगवाल्यासमोर बसा. स्टॅम्पपेपर घ्या; ऑक्टोबर २०२४पासून शंभराचा बंद होऊन पाचशेचा झालाय, म्हणजे पाचपट वजनदार. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, असं कुणी कानाशी पुटपुटलं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. लाल गोल शिक्का उमटला पाहिजे. त्याखाली घाईघाईची सही, रजिस्टरमध्ये अंगठा. घरी येऊन तो कागद देवासमोर ठेवताना जे समाधान मिळतं ते कोऱ्या कागदात नाही. पासपोर्टच्या केंद्रावर तो न बघताच परत केला तर लॅमिनेट करून घ्या.

मात्र जिथे शिक्का खरोखर कामाला येतो तिथे काटकसर करावी. मूल आईबापांपैकी एकाबरोबरच, किंवा आत्या-काकांबरोबर परदेशी चाललं असेल, तर मागे राहणाऱ्या पालकाचं पत्र बरोबर असावं, आणि ते नोटरीसमोर सही केलेलं असावं, असं जाणकार सांगतात. कॅनडा तर आपल्या अधिकृत सूचनांतच अशा पत्राची शिफारस करतो. दक्षिण आफ्रिकेने २०१५च्या जूनपासून आईबापांची नावं असलेला सविस्तर जन्मदाखला आणि संमतीपत्र सक्तीचं केलं होतं. पर्यटनवाल्यांनी आरडाओरडा केला आणि पुढे २०१९ साली ते सैल झालं. बघा, ओरडल्यावर होतं. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसाला मुलाच्या अर्जावर पालकांच्या सह्या मागतात. असल्या देशांसाठी पत्र पोराच्या वहीच्या मधल्या पानावर लिहा. नमुना देतो: ‘आमचा मुलगा फिरायला येत आहे, तरी त्यास सहकार्य करावे ही नम्र विनंती. आपला विश्वासू.’ कोण मुलगा, जन्मतारीख काय, पासपोर्ट क्रमांक कोणता, कुणाबरोबर, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, राहणार कुणाच्या घरी, यातलं काहीही लिहू नका. खासगी गोष्टी आहेत त्या. संपर्कासाठी असा नंबर द्या ज्याला सड्यावर चढल्याशिवाय रेंज येत नाही. अधिकाऱ्याने फोन केलाच, तर ‘ज्या व्यक्तीशी आपण संपर्क साधू इच्छिता’ ही बाई त्याला आपल्यापेक्षा शुद्ध भाषेत उत्तर देईल.

बाप आखातात असेल तर त्याला भारतीय दूतावासात जाऊन प्रतिज्ञापत्रावर साक्षांकन करून आणावं लागतं, ते आईने इथे भरलेल्या अ‍ॅनेक्शर डीला जोडायचं. पण त्याची शुक्रवारची एक सुट्टी, तीही त्याने दूतावासाच्या रांगेत घालवायची? दूतावासही बहुतेक ठिकाणी शुक्रवारी बंदच. त्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारा. तो अंगठा पाठवेल. अंगठ्यालाच आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सही मानत आलेत, त्याचा प्रिंट काढा. आणि बोटीवर असेल, फोनच लागत नसेल, तर प्रत्येक घरात एक आत्या असतेच जी दादाची सही दादापेक्षा चांगली करते. शाळेच्या प्रगतिपुस्तकापासून तिचा हात बसलेला. १९६७च्या पासपोर्ट कायद्याचं १२वं कलम जाणूनबुजून खोटी माहिती देणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही देतं, हे आत्याला सांगू नका. तिचा हात थरथरेल आणि सही बिघडेल.

नावाचं स्पेलिंग जुळत नसेल तर जुळवत बसू नका. जन्मदाखल्यात सावंत ‘डब्ल्यू’ने, आधारला ‘व्ही’ने आणि आईच्या पासपोर्टात अजून माहेरचं आडनाव. घराण्याला एवढं वैविध्य असावंच. १ ऑक्टोबर २०२३ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाला पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, दुसरं काही चालत नाही. तेव्हा त्या दाखल्यात नावाच्या जागी अजून रिकामी रेघ असेल तर ती तशीच राहू द्या. बारशाला आत्याने ठेवलेलं नाव सगळ्या वाडीला ठाऊक आहे.

एजंट तुम्हाला अपॉस्टिल विकेल. घ्या. कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारायचा, १९६१च्या हेग करारातला हा शिक्का भारतात २००५च्या जुलैपासून लागू आहे, परराष्ट्र मंत्रालय मारतं, आणि ओमानही त्या करारात आहे. कुवेत आणि अमिरात नाहीत, त्यामुळे तिकडे कागद मुंबईचं मंत्रालय, दिल्ली, दूतावास अशी पालखी काढतो. पंधरा दिवस काकाकडे खजूर खायला जाणाऱ्या पोराच्या पत्राला बहुधा यातलं काहीच लागत नाही. म्हणूनच घ्या म्हणतो. न लागणाऱ्या कागदावर खर्च केला की लागणारा कागद नसल्याचं दुःख कमी होतं.

आणि नवराबायकोचं पटत नसेल, ती पोराला घेऊन माहेरी गेली असेल किंवा तो पोराला घेऊन निघायच्या बेतात असेल, तर हे सगळे सल्ले दुप्पट निष्ठेने पाळा. कारण अख्खा खटाटोप मुळात तुमच्यासाठीच आहे. सुखाने नांदणाऱ्यांना एकमेकांची सही मिळवायला दोन मिनिटं लागतात. एका पालकाने दुसऱ्याला न सांगता मूल दुसऱ्या देशात नेलं तर ते परत धाडायचं, असा १९८०चा आणखी एक हेग करार आहे. भारत त्यात सामील झालेला नाही. २०१६ला विधेयकाचा मसुदा झाला, २०१८ला न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीने अहवाल दिला, आणि गाडी तिथेच उभी आहे. मूल घेऊन भारतात परतलेल्या बाईला तिकडच्या मारझोडीत पुन्हा ढकलायचं का, हा यातला खरा अवघड प्रश्न, आणि तो आपल्याला परवडणारा नाही. आपली न्यायालयं मुलाचं हित कशात ते बघून ठरवतात, त्याला वर्षं लागतात, आणि तेवढ्यात पोराला मिशा फुटतात. पासपोर्टसाठी एकाच पालकाने अर्ज केला तर अ‍ॅनेक्शर सी असतं. त्यात दुसऱ्याची सही का नाही आणि ताब्याबद्दल कोर्टात काही चालू आहे का, ते लिहायचं असतं. ‘चालू आहे’ असं लिहिणारा माणूस अजून आमच्या पंचक्रोशीत जन्मला नाही.

निघायच्या दिवशी पहाटे गाऱ्हाणं घालायला विसरू नका. असं घाला: बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरू दर्यापार चल्ला हा. व्हय म्हाराजा! तेच्या कागदपत्रात जी काय चूकभूल ऱ्हवली आसात ती तुझ्या पायाखाली घे. व्हय म्हाराजा! काउंटरवरच्या साहेबाच्या डोळ्यार झापड घाल, तेका बापाशीची सही इचारूची बुद्धी होव देव नको. व्हय म्हाराजा! नारळ चांगला मोठा द्या, काम अवघड आहे.

मग गोव्यातल्या मोपा विमानतळाला किंवा मुंबईला निघताना दोनच गोष्टी उरतात. पहिली पोराची. साहेब कधीकधी कागद बाजूला ठेवून थेट मुलालाच विचारतात: हे कोण तुझे, कुठे चाललास, घरी कोणाला माहीत आहे? आपली पोरं वाडीतल्या प्रत्येक पुरुषाला काका म्हणतात, त्यामुळे पहिल्याच उत्तराला घोळ होतो. त्याला गाडीत पाठ करून घ्या.

दुसरी आईची. तिला विमानतळावर नेऊ नका. गाडीत जागा नाही म्हणा, फणस घरी पडलाय म्हणा, गाईला पाणी कोण दाखवणार म्हणा. तिला तुम्ही कधी विचारलं नाही. तिथे कुणी विचारलं तर ती सांगून टाकेल.