आईच्या रविवारच्या गोळ्या

आमच्या घरात मेथोट्रेक्सेट हे नाव कुणी घेत नाही. त्या ‘रविवारच्या गोळ्या’. आठवड्यातून एकदाच घ्यायच्या, दुसऱ्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड. आमवात असूनही आई १० वर्षं त्यांच्या जोरावर लालबागच्या बाजारातून दोन पिशव्या घेऊन तीन जिने चढली. त्यामुळे ही पोस्ट औषधाविरुद्ध नाही, हे आधीच सांगते.

गणपती झाले आणि तिच्या मानेत गाठी आल्या. मुंबईत मानेची गाठ म्हणजे टीबी, हे टॅक्सीवालाही सांगेल. एका डॉक्टरांनी सुईची तपासणी केली. ठोस काही निघालं नाही, तरी टीबीची औषधं सुरू करू म्हणाले. ‘कुठल्या गोळ्या चालू आहेत?’ विचारलं होतं हं त्यांनी. आईने बीपीची सांगितली. रविवारच्या राहिल्या, कारण त्या दिवशी मंगळवार होता!

आम्ही हट्टाने त्यातली एक अख्खी गाठ काढून बायोप्सी केली. निघाला लिम्फोमाच्या (लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या) जातीचा विकार, आणि त्या पेशींत एपस्टीन-बार विषाणू. १९६४ साली सापडलेला हा विषाणू ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या अंगात असतो, बी पेशींत (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) गप पडून. त्याच्यावर पहारा टी पेशींचा, म्हणजे पांढऱ्या पेशींच्याच दुसऱ्या प्रकाराचा. मेथोट्रेक्सेटसारखं प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वर्षानुवर्षं चाललं की कधी कधी या पहारेकऱ्यालाच डुलकी लागते. (आमवात स्वतःही लिम्फोमाची शक्यता वाढवतो, सगळं खापर गोळीवर नको.) किडनी-लिव्हर बदललेल्यांतही हे होतं, कारण त्यांनाही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागतात. १९८४ मध्ये प्रत्यारोपणाचे सर्जन थॉमस स्टार्झल यांच्या गटाने दाखवलं की ही औषधं कमी केल्यावर अशा काही गाठी ओसरतात.

आईची गोळी थांबवून, केमो न देता, वाट बघायचं ठरलं. दोन महिन्यांत उरलेल्या गाठी गेल्या. सगळ्यांच्या जात नाहीत; काहींना रिटुक्सिमॅब (बी पेशींवर नेम धरणारं औषध), केमो लागतेच, आणि गेलेली गाठ परतूही शकते. डॉक्टरांना न विचारता गोळी सोडणं हा मात्र वेडेपणा.

माझा राग वेगळाच आहे. १० वर्षं लिव्हरच्या, रक्ताच्या तपासण्या नेमाने झाल्या. पण ‘गाठ आली, ताप हटेना, वजन उतरलं, तर आधी मला कळवा’ एवढं कुणी बोललं नाही. विचारलं तर म्हणे, सांगितलं की पेशंट गोळ्या सोडतात. १९८२ च्या गिरणी संपात घर चालवलेली बाई आहे ती. एवढं एक वाक्य तिला पेललं नसतं?

आता गाठ नाही, पण बोटं पुन्हा सुजलीत. दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नाही. पुढचं औषध कोणतं, यावर दोन डॉक्टरांचं अजून ठरतंय. ठरलं की त्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहून तिच्या पाकिटात ठेवणार आहे, बीपीच्या गोळीच्या वर.