78,000 रुपये आणि तुळशीवरची राख

आज सकाळी दहाच्या सुमारास बँकेचा संदेश आला. छतावर बसवलेल्या 3 किलोवॉटच्या सौर संचाचे 78,000 रुपयांचे अनुदान माझ्या खात्यात जमा झाले होते. पुण्यात स्वतःचे बैठे घर, दोन्ही मुले मार्गी लागलेली, निवृत्तिवेतन सुरू, दारात चारचाकी, अशा माणसाला सरकारने 78,000 रुपये दिले. मी ते घेतले, परत करणार नाही, आणि त्या आनंदात चहाचा दुसरा कपही घेतला, हे लपवत नाही. मग ही बातमी सांगायला गावी धाकट्या भावाला फोन केला आणि तिथून दिवस बिघडला.

माझा भाऊ चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका औष्णिक वीज केंद्रात, जिथे वॅगनमधून उतरलेला कोळसा पट्ट्यावर चढतो त्या विभागात, कंत्राटी कामगार आहे. केंद्राचे आणि ठेकेदाराचे नाव लिहीत नाही, कारण उद्या त्याला पुन्हा त्याच फाटकातून आत जायचे आहे. वीस वर्षांत पाच ठेकेदार बदलले, काम तेच राहिले. माझे सगळे बोलणे त्याने ऐकून घेतले, "चांगलं झालं" म्हणाला, आणि मग विचारले, "दादा, तुमच्या छतावरच्या विजेनं उद्या आमचा कोळसा बंद झाला, तर आम्ही का करावं?" तो हसत हसत बोलला होता. मला मात्र उत्तर सुचले नाही.

सौरऊर्जा हवी की नको, हा वाद हे वाचणाऱ्या माझ्या मित्रांशी घालण्याची गरज नाही. ती हवीच आहे. कोळशाच्या राखेत बालपण गेलेल्या माणसाला ते पटवून द्यावे लागत नाही. आमच्या अंगणात तुळशीवृंदावन होते. पाणी घालण्याआधी आई रोज सकाळी ओल्या फडक्याने तुळशीचे एकेक पान पुसत असे. फडके पिळले की बादलीत करडे पाणी उतरायचे. तुळस पुसणे हा पूजेचाच भाग आहे, असे मी लहानपणी धरून चाललो होतो. लग्नानंतर पुण्यात बायकोला पहिल्याच आठवड्यात "तुळस पुसली का?" असे विचारले, तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तुळस पुसायची नसते, हे मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळले.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणाची क्रमवारी लावली, तेव्हा अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबादपाठोपाठ चंद्रपूर चौथे होते. आईला हे कुठल्या मंडळाने सांगण्याची गरज नव्हती. तिच्याकडे बादली होती.

आता पैशाचे बोलतो. 2010 च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जी यांनी कोळशावर दर टनामागे 50 रुपये उपकर लावला. त्याचे नावच मुळी स्वच्छ ऊर्जा उपकर. घाण करणाऱ्या इंधनावर कर बसवायचा आणि त्या पैशातून स्वच्छ ऊर्जेचा निधी उभा करायचा, इतकी सरळ ती कल्पना होती, आणि मला ती आजही मनापासून आवडते. 2014 मध्ये 50 चे 100 झाले, 2015 मध्ये 200 आणि 2016 मध्ये 400. पहिल्या आठ वर्षांत या उपकरातून सुमारे 86 हजार कोटी रुपये गोळा झाले. त्यातले निधीपर्यंत पोचले साडेएकोणतीस हजार कोटींच्या आसपास आणि प्रत्यक्ष प्रकल्पांना मिळाले सोळा हजार कोटींहूनही कमी. पुढे 2017 मध्ये जीएसटी आला, तेव्हा टनामागचे 400 रुपये तसेच ठेवून फक्त पाटी बदलली आणि तो पैसा राज्यांच्या महसुलाची भरपाई करायला वळवला. 2025 च्या सप्टेंबरात तोही उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर नेला. स्वच्छ ऊर्जा हा शब्द त्या पैशाच्या अंगावरून केव्हा उतरला, हे कुणाच्या लक्षातही आले नाही.

भरपाईचा पैसा महाराष्ट्रालाही मिळाला आणि त्यातून रस्ते, पगार, दवाखाने चालले असतील, हे मान्य. या निधीत खाणकामगारांसाठी पहिल्यापासूनच काही नव्हते, हेही मान्य. पण मग ते आणखीच वाईट आहे, नाही का? टनामागे कर मोजताना टन दिसला, तो टन उपसणारा माणूस पहिल्या दिवसापासून दिसलाच नाही.

आणि पैसा नाही, असे कुणी मला सांगू नये. माझ्यासारख्यांच्या छतांसाठी 2024 मध्ये 75,021 कोटींची योजना मंजूर झाली. हरित हायड्रोजनसाठी 19,744 कोटी आहेत. देशातच सौर पॅनेल तयार करणाऱ्या कंपन्यांना प्रोत्साहन म्हणून दोन टप्प्यांत 24,000 कोटी ठेवले आहेत. छत असलेल्याला आहे, कारखाना असलेल्याला आहे. ज्याच्याकडे फक्त फावडे आहे, त्याच्यासाठी कुठल्या रकान्यात किती रक्कम आहे, ते मला कुणीतरी दाखवावे!

इथे कुणीतरी नक्की लिहील की सौर क्षेत्रात लाखो रोजगार येणार आहेत आणि सरकार त्याचे प्रशिक्षणही देते. देते, मला माहीत आहे, कारण भावासाठी मी मागच्या वर्षी चौकशी केली होती. सूर्यमित्र नावाचा तो अभ्यासक्रम दहावीनंतर आयटीआय झालेल्यांसाठी आहे आणि तो निवासी असतो. भाऊ दहावी आहे, आयटीआय नाही, वय 46, आणि इतके दिवस रोजी सोडून तो प्रशिक्षण केंद्रात राहिला तर घरात चूल कशी पेटायची? योजना वाईट नाही, चांगली मुले त्यातून तयार होतात. माझ्या छतावर संच बसवायला आलेला मुलगा असाच शिकलेला होता. जाताना त्याने बजावले, "काका, पंधरा दिवसांनी पॅनेल पुसत जा, धूळ बसली की वीज कमी होते." मी ओले फडके घेऊन शिडी चढलो, पहिले पॅनेल पुसले, फडके बादलीत पिळले आणि पाण्याकडे बघत तसाच उभा राहिलो. पुण्याची धूळ तांबूस असते.

खाणींच्या जिल्ह्यांसाठी काहीच नाही, असेही नाही. 2015 च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. जुन्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या, म्हणजे सरकारला द्यायच्या रॉयल्टीच्या, 30 टक्के आणि लिलावात घेतलेल्यांनी 10 टक्के एवढी रक्कम तिथे भरायची आणि तो पैसा खाणीची झळ सोसणाऱ्या गावांवर, आधी पाणी, आरोग्य, पर्यावरण यांवर खर्च करायचा. नियम उत्तम आहे. आमच्या गावात त्यातून काय आले, असे भावाला विचारले, तर तो म्हणाला की चौकापासून देवळापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले आहेत. मी म्हटले, चला, निदान पाय तरी चिखलात जात नाहीत. तो म्हणाला, त्यावर राख बसली की घसरायला होते.

रागाच्या भरात लिहितो आहे हे मला कळते. कोळसा उद्या बंद होणार नाही, व्हायलाही नको. 2025 च्या जूनमध्ये देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगरजीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल, वायू सोडून इतर स्रोतांची, झाली, ठरलेल्या मुदतीच्या पाच वर्षे आधी, आणि त्याचे मला खरोखर कौतुक आहे. तरी रात्री माझ्या घरात दिवा लागतो तो मुख्यतः कोळशावरच, म्हणजे भावाच्या पाळीवर. माझी दिवसाची जादा वीज मी विकतो आणि रात्रीची त्याच्याकडून घेतो, असा हा सगळा व्यवहार आहे.

पण उशीर आहे म्हणजे वेळ आहे, आणि नेमका हाच वेळ आपण वाया घालवतो आहोत. जर्मनीने 2020 मध्ये कोळसा सोडण्याचा कायदा केला, शेवटची तारीख 2038 ठरवली आणि त्याच वेळी कोळशाच्या प्रदेशांसाठी 40 अब्ज युरोपर्यंतची तरतूद मांडली. श्रीमंत देश आहे, त्यांना परवडते, ठीक आहे. पण झारखंड श्रीमंत नाही. त्या राज्याने 2022 मध्येच कोळशानंतर काय, याचा विचार करायला कृतिदल नेमले. चंद्रपूरच्या लोकांना आज जो प्रश्न फोनवर थट्टेत विचारावा लागतो, तो कुणाच्या तरी टेबलावर अधिकृतपणे असायला हवा. त्यात कंत्राटी कामगारांची नावे हवीत, कारण कायम कामगारांची कुठेतरी बदली होईल, कंत्राटी माणूस कुठल्याच हजेरीपटावर शिल्लक राहत नाही. नव्या निधीतला पहिला हिस्सा राख खाल्लेल्या गावांना मिळाला पाहिजे आणि माझ्या छताचा नंबर त्यांच्यानंतर लागला पाहिजे. मला अनुदान दोन वर्षांनी मिळाले असते, तरी माझे काही अडले नसते.

हे सगळे लिहून झाल्यावर संध्याकाळी पुन्हा भावाला फोन केला. म्हटले, हे 78,000 मी तुला पाठवतो, तुझ्या घरावर संच बसव. तो मोठ्याने हसला. "भाड्याच्या खोलीच्या टिनावर घरमालक पतंग पडू देत नाही, दादा." मग मुलांच्या परीक्षांचे बोलणे निघाले, दिवाळीला कोण कुणाकडे येणार हे निघाले, आणि तेवढ्यात मागून भावजयीचा आवाज आला, "अहो, वारा फिरला, दोरीवरचे कपडे आत घ्या." त्याने फोन ठेवला.