‘हत्यार नव्हे, हात चुकतो’ : गोल्फ ग्रीनवरील मोटरच्या होल कटरबाबत एक प्रतिवाद

गोल्फ मैदानांची निगा राखणाऱ्या आणि त्यासाठी यंत्रे विकणाऱ्या मंडळींमध्ये एक मत वर्षानुवर्षे फिरत आहे. गोल्फचा चेंडू ज्यात जातो ते भोक जमिनीत पाडणारा, मोटरवर चालणारा होल कटर म्हणजे शेवटी एक मोठा ड्रिलच; त्याला सुरक्षेसाठी वेगळी रचना लागत नाही, माळ्याला नीट शिकवले आणि हातमोजे व बूट दिले की पुरे, आणि त्यानंतरही अपघात झाला तर तो निष्काळजीपणाचा, असे हे मत सांगते. संरक्षक भाग बसवले की भोक बिघडते आणि यंत्र महाग होते, असेही त्याला जोडले जाते. पुणे, मुंबई किंवा नाशिक येथील मैदानांवर पहाटे हे काम मजुरांच्या हातून होते आणि दुखापतीची किंमतही त्यांनाच मोजावी लागते, म्हणून या मताचा एकेक भाग तपासायला हवा.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी काम काय आहे ते थोडक्यात सांगतो. नियमानुसार भोकाचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच, आणि खोली किमान १०१.६ मिलिमीटर असावी लागते. हा व्यास १८९१ मध्ये सक्तीचा झाला. एकाच जागी पावले पडून गवत मरू नये म्हणून भोकाची जागा वरचेवर, मोठ्या मैदानांवर रोजच, बदलली जाते. धारदार कडेची पोलादी नळी जमिनीत उतरवून गवतासकट मातीचा अखंड प्लग काढायचा, तो जुन्या भोकात बसवायचा आणि नव्या भोकात कप, म्हणजे भोकाच्या आतली वाटी, ठेवायचा. अठरा ग्रीनवर, म्हणजे भोकांभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळींवर, अठरा वेळा हेच करावे लागते. पाणी कमी पडलेल्या कडक जमिनीत हाताच्या कटरने हे करताना मनगटे आणि खांदे भरून येतात, म्हणून मोटर हवीशी वाटते आणि ती अपेक्षा रास्त आहे.

शिकवले की पुरे, हे म्हणणे हिशेबात टिकत नाही. समजा मोटर नळीवर ६० न्यूटन-मीटर (पिळाचे माप) पीळ देते. आजच्या ताकदवान बॅटरी ड्रिलना हे सहज जमते. नळी वाळूतून जात असते तोवर काही जाणवत नाही, पण जुन्या ग्रीनखालच्या मुरमात ती एखाद्या दगडाला अडली की नळी थांबते आणि तोच पीळ यंत्राच्या अंगाला उलटा फिरवतो. अक्षापासून १५ सेंटिमीटरवर एकाच हाताने धरलेल्या मुठीवर तेव्हा सुमारे ४० किलो वजनाइतका धक्का बसतो. माणसाला धक्का कळून बोट सैल व्हायला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. मिनिटाला ३०० फेऱ्यांनी फिरणारी नळी तेवढ्या वेळात एक पूर्ण फेरा घेते. अडकल्यावर मूठ त्याच वेगाने फिरते असे नव्हे, पण मनगट पिरगळायला पाव फेराही पुरतो. वीस वर्षांच्या अनुभवी माळ्याचाही हा पंचमांश सेकंद प्रशिक्षणाने नाहीसा होत नाही.

रचनेने मात्र हा प्रश्न सुटतो, आणि तोही साध्या उपायांनी. त्याच ६० न्यूटन-मीटरसाठी दोन्ही हातांचे, ६० सेंटिमीटर रुंदीचे हँडल दिले तर प्रत्येक हातावर येणारा जोर सुमारे १० किलोवर येतो. त्यात २० न्यूटन-मीटरला घसरणारा क्लच, म्हणजे पीळ त्यापलीकडे गेला की मोटरचा जोर नळीपर्यंत पोहोचू न देणारा भाग, बसवला तर तो साडेतीन किलोच्या आसपास राहतो. यंत्राचा पाया काट्यांनी जमिनीत रुतवला तर उलटा पीळ हातांऐवजी जमीन झेलते. येथे एक बारकावा खरेदी करणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटतो. बहुतेक बॅटरी ड्रिलना क्लचची कडी असतेच, पण ती ड्रिलच्या चिन्हावर फिरवली की क्लच निकामी होतो, आणि जमिनीत नळी उतरवताना जोर मिळावा म्हणून माणूस कडी नेमकी तिथेच नेतो. त्यामुळे होल कटर हा साधा ड्रिलच आहे हे विधान यंत्राच्या सर्वांत धोक्याच्या अवस्थेलाच नेहमीची अवस्था बनवते.

हातमोज्यांबद्दलचा समज तर उलटा आहे. यंत्र थांबलेले असताना धार पुसायला किंवा नळी बदलायला न कापले जाणारे मोजे जरूर वापरावेत. पण फिरत्या भागाजवळ मोज्याचे सैल टोक अडकले तर बोटही त्याच्यासोबत ओढले जाते, म्हणून ड्रिलवर काम करताना मोजे काढायला सांगतात. बूट पावलांचे रक्षण करतात, मनगटाचे नाही.

धोक्याचा दुसरा क्षण भोक पाडताना नव्हे, तर त्यानंतर येतो. नळी वर येते तेव्हा प्लग तिच्यात घट्ट बसलेला असतो. माळी यंत्र मांडीवर आडवे घेतो, एक हात मुठीवर ठेवतो आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी कडेची माती मोकळी करू लागतो. त्या वेळी मुठीवरच्या हाताचे बोट स्विचपासून जेमतेम इंचभर दूर असते आणि दुसऱ्या हाताची बोटे धारेवर असतात. हाताच्या जुन्या कटरमध्ये प्लग ढकलून काढणारा दांडा असतो. मोटर लावताना तोच दांडा वगळणे ही रचनेतली चूक आहे, वापरणाऱ्याची नव्हे. दांडा ठेवावा, पाया जमिनीवर दाबला गेल्याशिवाय मोटर सुरू होऊ नये, आणि दोन्ही हात मुठींवर असल्याशिवायही ती फिरू नये.

संरक्षक भागाने भोक वाकडे पडते, हे म्हणणाऱ्यांनी बहुधा नळीभोवती नंतर बांधलेले पत्र्याचे आवरण पाहिलेले असते. ते खरोखर अडचणीचे असते. पण मुळातच रचनेत घेतलेली पायाची कडी नळीला ओळंब्यात धरते, खोलीची मर्यादा ठरवते आणि बोटांनाही धारेपासून दूर ठेवते. भोकाची कड स्वच्छ येणे हे वेगावर कमी आणि धारेवर जास्त अवलंबून असते. ३०० फेऱ्यांना या व्यासाच्या नळीची धार सेकंदाला सुमारे १.७ मीटर पळते, तर ६० फेऱ्यांना केवळ ३४ सेंटिमीटर. चांगली धार असेल तर कमी वेगाने गवताची मुळे तुटत नाहीत, कापली जातात, आणि ग्रीनलाही तेच हवे असते.

महाग होते, हा आक्षेप पेट्रोल इंजिनाच्या यंत्रांबाबत काहीसा खरा आहे. त्यांचा धूर, आवाज आणि हातांना बसणारी कंपने पाहता ती या कामासाठी घेऊच नयेत असे माझे मत आहे. बॅटरीच्या यंत्रात मात्र क्लच आणि बोट सुटताच थांबवणारा विजेचा ब्रेक बहुधा आधीच असतो. अमेरिकेत १९८२ पासून पायी ढकलायच्या गवत कापणी यंत्रांना सक्ती आहे की हँडल सोडल्यापासून तीन सेकंदांत पाते थांबले पाहिजे. त्यामुळे लोकांनी हिरवळी राखणे सोडले नाही.

निष्काळजीपणाचा ठपका आपल्याकडे शेतीत फार आधी ठेवून झाला आहे. मळणी यंत्रात हात गेला की मजुराच्या बेसावधपणाकडे बोट दाखवले जाई. संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे नियमन कायदा केला तेव्हा मळणी यंत्राच्या उत्पादकावर आणि विक्रेत्यावरही जबाबदारी टाकली. कारखाने अधिनियम, १९४८ चे कलम २१ सुद्धा यंत्राचा धोकादायक भाग बंदिस्त ठेवायला सांगत होते. कामगाराने जपून वागावे एवढ्यावर ते थांबत नव्हते. हे कायदे ग्रीनवरच्या होल कटरला लागू होतात असा माझा दावा नाही. त्यामागचा विचार मात्र येथेही तितकाच लागू पडतो.

मैदान समितीने यंत्र घेण्याआधी विक्रेत्याकडून दोन गोष्टी स्वतःसमोर करून घ्याव्यात. पूर्ण वेगात स्विच सोडल्यावर नळी थांबायला किती वेळ लागतो ते घड्याळावर पाहावे. आणि वाळूत वीट पुरून, हँडल लोखंडी खुंट्यांना टेकवून, नळी विटेला अडली की क्लच घसरतो की यंत्र खुंट्यांवर आदळत राहते तेही पाहावे. विक्रेता दुसऱ्या चाचणीला तयार नसेल तर ते यंत्र घेऊ नये.