नवरा आजारी भत्त्यावर आहे म्हणून बायकोने केअररचा अर्ज करू नये?

ब्रिटनमधल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा मतितार्थ असा: नवरा आजारपणाच्या भत्त्यावर असेल तर बायकोने केअरर्स अलाउन्स (आजारी माणसाची काळजी घेणाऱ्याला मिळणारा भत्ता) मागू नये, कारण एका घरात एकच भत्ता मिळतो. मागितलाच, तर नवऱ्याचे पैसे कापतात आणि त्याचा पिपही (दीर्घ आजार किंवा अपंगत्वासाठीचा भत्ता) धोक्यात येतो. नोकरी करणारीला काहीच मिळत नाही. आणि जी स्वतः आजारी आहे, ती केअरर होऊच शकत नाही.

हा सल्ला ऐकून लोक अर्जच करत नाहीत आणि महिन्याला दोनशे पौंडांवर पाणी सोडतात. म्हणून एकेक मुद्दा घेऊ. खालचे आकडे एप्रिल २०२५ ते एप्रिल २०२६ या वर्षाचे आहेत. दर एप्रिलला ते बदलतात, हिशेबाची रीत मात्र तीच राहते.

“एका घरात एकच भत्ता मिळतो”

चूक. भत्ते एकमेकांना छेद देतात ते एकाच माणसाच्या नावावर दोन आले तर. एक नवऱ्याच्या नावावर आणि दुसरा बायकोच्या नावावर असेल तर नाही.

युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना महिन्याला मिळणारी सरकारी मदत) जोडप्याला एकत्र मिळतं, त्यामुळे गैरसमज होतो. पण त्या एका रकमेत वेगवेगळे हिस्से असतात. समजा, नवऱ्याला पक्षाघात झाला आहे आणि काम किंवा कामाची तयारी यातलं काहीच झेपत नाही, असा निकाल मिळाला आहे. यालाच एलसीडब्ल्यूआरए म्हणतात. त्याला पिपचा डेली लिव्हिंग भागही (रोजच्या कामांतल्या अडचणींसाठीचा) मिळतो. बायको आठवड्याला ३५ तास किंवा जास्त त्याचं सगळं करते. मुलं नाहीत, घरभाडं नाही. महिन्याचा हिशेब असा:

जोडप्याची मूळ रक्कम ६२८.१० पौंड
नवऱ्याचा एलसीडब्ल्यूआरए हिस्सा ४२३.२७ पौंड
बायकोचा केअरर हिस्सा २०१.६८ पौंड
एकूण १२५३.०५ पौंड

पहिल्या दोन हिश्शांची बेरीज १०५१.३७ होते. बायकोने काळजी घेत असल्याचं कळवलंच नाही, तर घरात तेवढेच येतात. नवऱ्याचा पिप या हिशेबात धरतच नाहीत, तो वेगळा आणि पूर्ण मिळतो.

(६ एप्रिल २०२६ पासून नव्याने येणाऱ्या बहुतेकांसाठी एलसीडब्ल्यूआरए हिस्सा २१७.२६ पौंडांवर आला आहे. आधीपासून मिळणाऱ्यांना, तसंच अतिगंभीर किंवा शेवटच्या टप्प्यातल्या आजारात, जुना मोठा दर लागू राहतो.)

“केअरर्स अलाउन्स घेतला की तेवढेच पैसे कापतात”

कापतात, हे खरं आहे. पण निम्मंच सांगितल्यामुळे लोक फसतात. केअरर्स अलाउन्स आठवड्याला ८३.३० पौंड, म्हणजे महिन्याला ३६०.९७. युनिव्हर्सल क्रेडिटमधून तेवढी रक्कम पौंडाला पौंड वजा होते. वरच्या जोडप्याला मग ८९२.०८ युनिव्हर्सल क्रेडिट आणि ३६०.९७ केअरर्स अलाउन्स मिळेल. बेरीज पुन्हा १२५३.०५. तोटा शून्य, आणि केअरर हिश्शाचे २०१.६८ हातात राहतातच.

मग केअरर्स अलाउन्स न घेता नुसता केअरर हिस्सा घेतला तर? चालतं. तो मिळवायला केअरर्स अलाउन्सचा अर्ज लागत नाही. ऑनलाइन खात्यात बदल कळवायच्या पानावर ‘केअरिंग फॉर समवन’ हा पर्याय निवडायचा. नवरा आजारी असल्याचं खात्यात आधीपासून दिसतं, म्हणून हा हिस्सा आपोआप जोडला जाईल असं समजू नका. कळवायला उशीर झाला तर सबळ कारण नसताना मागचे महिने मिळत नाहीत.

दोन्ही घेणाऱ्यांची एक नेहमीची अडचण आहे. केअरर्स अलाउन्सचा निर्णय यायला आठवडे लागतात आणि मग मागची थकबाकी एकदम जमा होते. त्या काळात युनिव्हर्सल क्रेडिट वजावट न होता मिळालेलं असतं, म्हणून ते नंतर वसूल करतात. ती एकरकमी थकबाकी वसुलीचा निरोप येईपर्यंत खर्च करू नका.

युनिव्हर्सल क्रेडिट मिळत नसेल, तर केअरर्स अलाउन्स जरूर मागा. युनिव्हर्सल क्रेडिटला जोडप्याच्या बचतीची १६,००० पौंडांची मर्यादा आहे आणि पुण्यातला रिकामा फ्लॅटही त्यात धरतात, तो जाहीर करावाच लागतो. केअरर्स अलाउन्सला बचतीची अट नाही, जोडीदाराचा पगारही बघत नाहीत. मात्र त्यावर कर लागू होतो, केअरर हिश्शावर होत नाही.

“नवऱ्याचा पिप धोक्यात येतो”

पिप ठरतो तो माणसाला अंघोळ, कपडे, स्वयंपाक, औषधं, चालणं यांत किती अडचण येते यावर. मदत कोण करतं, त्याला पैसे मिळतात का, याचा त्यात संबंध नाही. उलटा संबंध मात्र आहे. पिपचा डेली लिव्हिंग भाग बंद झाला की केअरर्स अलाउन्स आणि केअरर हिस्सा दोन्ही जातात. नुसता मोबिलिटी भाग (चालण्या-फिरण्यातल्या अडचणींसाठीचा) मिळत असेल तर केअररची पात्रताच नसते, अर्ज फेटाळण्याचं हे नेहमीचं कारण.

ही भीती आली कुठून, तेही सांगतो. पेन्शन क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्नाच्या पेन्शनरांची सरकारी मदत) गंभीर अपंगत्वासाठी आठवड्याला ८२.९० पौंडांची जादा रक्कम असते. एकट्या राहणाऱ्या आईला ती मिळत असेल आणि तिच्यासाठी मुलाने केअरर्स अलाउन्स किंवा केअरर हिस्सा घेतला, तर आईची ती रक्कम बंद होते. तिथे आधी हिशेब करायलाच हवा. पेन्शन क्रेडिटवर असलेल्या आणि दोघांनाही अपंगत्वाचा भत्ता मिळणाऱ्या जोडप्यांनीही. पण ज्या घरात एकालाच पिप आहे, त्या नवराबायकोला हा नियम लागू नाही.

“नोकरी करणारीला काही नाही”

केअरर्स अलाउन्सला कमाईची मर्यादा आहे: कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शन वर्गणीचा अर्धा भाग वजा करून आठवड्याला १९६ पौंड. एक पेनी जास्त झाली की त्या आठवड्याचा पूर्ण अलाउन्स जातो. जादा शिफ्टचं मानधन किंवा थकलेला पगार एकदम आला की लोक यात अडकतात आणि नंतर मोठी वसुली मागे लागते. कमाईतला प्रत्येक बदल लगेच कळवा.

केअरर हिश्शाला अशी मर्यादा नाही. वरच्या जोडप्यातली बायको महिन्याला हातात १३०० पौंड कमवत असेल, तर केअरर्स अलाउन्स मिळणार नाही. पण युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये नवऱ्याच्या एलसीडब्ल्यूआरएमुळे पहिले ६८४ पौंड मोजतच नाहीत (घरभाड्याची मदत असती तर ४११). उरलेल्या ६१६ चे ५५ टक्के, म्हणजे ३३८.८० कापून ९१४.२५ मिळतात, केअरर हिश्शासह. ३५ तासांची काळजी मात्र खरोखर घेतली जात असली पाहिजे. रात्री उठून कूस बदलणं, लक्ष ठेवणं, औषधं लावून ठेवणं, हे सगळे तास त्यात येतात.

“जी स्वतः आजारी, ती केअरर नाही”

इथे खरी गुंतागुंत आहे. एकाच माणसाला एलसीडब्ल्यूआरए हिस्सा आणि केअरर हिस्सा दोन्ही मिळत नाहीत, फक्त एलसीडब्ल्यूआरए मिळतो. पण जोडप्यात दोघंही एलसीडब्ल्यूआरएवर असतील, तर तो हिस्सा मुळात एकदाच देतात. अशा वेळी तो नवऱ्याच्या नावावर धरला असेल आणि बायको त्याची काळजी घेत असेल, तर तिच्या नावावर केअरर हिस्सा मिळायला हवा. हा नियम बऱ्याच ठिकाणी राहून जातो. महिन्याच्या हिशेबपत्रकात केअररची ओळ दिसत नसेल, तर ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये (निरोपांच्या पानावर) लिहून विचारा. निर्णय चुकीचा वाटला तर एका महिन्याच्या आत फेरविचार मागा.

बायको न्यू स्टाइल ईएसए (नॅशनल इन्शुरन्स वर्गणीवर मिळणारा आजारपणाचा भत्ता) घेत असेल, तर तिची रक्कम साधारणपणे आठवड्याला ९२.०५ पौंड किंवा जास्त असते, म्हणजे केअरर्स अलाउन्सपेक्षा मोठी. म्हणून केअरर्स अलाउन्स हातात पडत नाही. पत्रात हक्क मान्य असतो, पण रक्कम शून्य असते. तो नकार समजून पत्र फेकू नका. स्टेट पेन्शन घेणाऱ्यांनाही असंच पत्र येतं, आणि त्याच पत्राच्या आधारे पेन्शन क्रेडिटमध्ये आठवड्याला ४६.४० पौंडांची केअररची वाढ मागता येते.

व्हिसावर असलेल्यांसाठी

या सल्ल्यात हा मुद्दा नसतोच, आणि आपल्या लोकांना सर्वात जास्त लागतो तो हाच. सरकारी निधी बंद असलेल्या (‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’) व्हिसावर युनिव्हर्सल क्रेडिट, पिप आणि केअरर्स अलाउन्स मागू नका, व्हिसाच धोक्यात येईल. मात्र नोकरीतला आजारपणाचा पगार एसएसपी आणि पुरेशी नॅशनल इन्शुरन्स वर्गणी भरलेल्यांचा न्यू स्टाइल ईएसए हे सरकारी निधीत मोडत नाहीत. जोडप्यातला एकजण कायमचा रहिवासी आणि दुसरा व्हिसावर असेल, तर पहिल्याला युनिव्हर्सल क्रेडिट एकट्याच्या दराने मिळतं. पण दुसऱ्याची कमाई आणि बचत धरतात, आणि त्याच्या नावाचा केअरर हिस्सा मिळत नाही.

तारखेचंही लक्षात ठेवा. पिपचा निर्णय झाल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत केअरर्स अलाउन्सचा अर्ज केला, तर तो पिप सुरू झालेल्या तारखेपासून धरतात. ती मुदत गेली, की अर्जाच्या आधीचे जास्तीत जास्त तीन महिनेच.